सोय आणि धैर्य

मराठी भाषेत 'सोय' हा एक फार गोड आणि म्हणूनच फसवा शब्द आहे. पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, मुलाच्या शिक्षणाची सोय, म्हातारपणची सोय; आपल्या मध्यमवर्गीय संसाराचा अर्धाअधिक व्यवहार या दोन अक्षरांत मावतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या बापाने लेकराबाळांची सोय पाहिली नाही त्यास आपण त्यागी म्हणत नाही, बेजबाबदार म्हणतो, व ते योग्यच आहे. परंतु हाच शब्द घराचा उंबरठा ओलांडून समाजाच्या मोठ्या प्रश्नांपाशी येऊन उभा राहिला म्हणजे त्याचे रूप पालटते. "हे बदलले पाहिजे खरे, पण तूर्त सोयीचे नाही." "मुलाची परीक्षा होऊ द्या." "धाकटीचे लग्न होऊ द्या, मग पाहू." असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. बदल व्हावा असे त्यास मनापासून वाटत असते. फक्त तो आपल्या दारावरून न येता शेजारच्या गल्लीने यावा, एवढीच त्याची इच्छा असते.

कोणाचीही गैरसोय न करता येणारा असा बदल असतो काय? कोणी म्हणेल, असे बदल तर आपण रोज पाहतो. आगगाडी आली तेव्हा तिच्या डब्यात कोणी कोणाशेजारी बसावे याची चर्चा पुष्कळ झाली, पण गाडी त्या चर्चेसाठी थांबली नाही. ज्याला लवकर पोहोचावयाचे होते तो मिळेल त्या बाकावर मुकाट्याने बसला. नळ आला, पिठाची गिरणी आली, आणि या सोयींनी कितीतरी रूढी ढिल्या केल्या हे निर्विवाद आहे. तथापि डब्यात खांद्याला खांदा लावून बसलेली तीच माणसे स्टेशनावर उतरली आणि आपापल्या आळीत जाऊन पूर्वीच्याच पंक्तीत जेवावयास बसली, हेही तितकेच खरे आहे. सोयीने त्यांचे वागणे तेवढ्या प्रवासापुरते बदलले. शेजारच्या माणसाची योग्यता काय, याविषयीचे त्यांचे मत होते तेथेच राहिले. ते मत बदलावयास जी किंमत द्यावी लागते ती तिकिटाच्या दरात धरलेली नसते.

या प्रश्नाचा विचार नुसत्या ग्रंथांच्या आधारे करण्यापेक्षा एखाद्या घाटाच्या माथ्यावर उभे राहून करणे अधिक बरे, असे आम्हांस वाटते. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील कन्नड हा तालुका सातमाळ्याच्या डोंगरात वसलेला आहे. येथून चाळीसगावाकडे उतरणाऱ्या घाटास औट्रम घाट म्हणतात. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे हे नाव. साहेब गेला, त्याचे राज्यही गेले, नाव तेवढे दगडास चिकटून राहिले. अलीकडच्या काळात हा घाट लोकांस ठाऊक झाला तो अडकून पडलेल्या मालमोटारींच्या रांगांमुळे. पण १९४८ पर्यंत तो एका निराळ्याच कारणाने ध्यानात ठेवण्याजोगा होता. पायथ्याशी खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा. माथ्यावर निजामाचे हैदराबाद संस्थान. भाषा एक, भाकरी एक, सोयरसंबंध एकमेकांत गुंतलेले; आणि मधल्या एवढ्याशा वळणावळणाच्या रस्त्याने मनुष्य एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जात असे.

या दोन कायद्यांतील अंतर किती होते ते पाहावे. डिसेंबर १९३६ मध्ये खाली पूर्व खानदेशात, फैजपूर या खेड्यात, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन उघड्या माळावर भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आणि वर? वर 'गश्ती निशाण ५३' या नावाने प्रसिद्ध असलेल्या हुकुमान्वये परवानगीवाचून सभा भरविण्यास बंदी होती, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्था रीतसर जन्मास येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बेकायदा ठरविण्यात आली. मूल जन्मण्याआधीच त्याच्या मृत्यूचा दाखला लिहून ठेवावा तसा हा प्रकार होता. म्हणजे जो पक्ष घाटाखाली राज्य करीत होता, त्याचे नाव घाटावर उच्चारणे हा गुन्हा होता.

अशा ठिकाणी राहणाऱ्या विचारी माणसापुढे सर्वांत सोपा मार्ग कोणता? घाट उतरणे. सकाळी निघावे, संध्याकाळपर्यंत चाळीसगाव गाठावे, तेथून आगगाडीने पुण्यास किंवा मुंबईस जावे, आणि पुढे आयुष्यभर संस्थानी जुलमावर तेजस्वी लेख लिहावेत. हा मार्ग लांच्छनास्पद होता असे आम्ही म्हणत नाही. बाहेर राहून मोलाचे कार्य केलेली माणसेही आहेत. परंतु घाट उतरणाऱ्याने स्वतःचा कायदा बदलला, घाटावरचा कायदा होता तसाच राहिला. तुरुंगात असलेल्या सॉक्रेटिसास त्याचा मित्र क्रिटो याने पळून जाण्याची सर्व सोय करून दिली होती, आणि त्याने ती नाकारली, ही कथा सुशिक्षितांस परिचित आहे. जी गोष्ट मी इतकी वर्षे येथे सांगत आलो, तीच संकट येताच दुसऱ्या गावी जाऊन सांगू लागलो तर तिचे मोल काय राहील, हा त्याच्या नकाराच्या मुळाशी असलेला एक विचार होता. अथेन्सच्या तत्त्वज्ञास पडलेला हा पेच मराठवाड्यातल्या शाळामास्तरास आणि वकिलास १९३८ साली अगदी साध्या कपड्यांत येऊन भेटला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निजामी राजवटीत प्रत्येक घरात रोज आकाश कोसळत होते, असे चित्र रंगविले म्हणजे त्या काळातील धैर्याचा अर्थच कळेनासा होतो. पाटील, देशमुख, देशपांडे, सरकारी नोकर, उर्दू शिकून कचेरीत शिरलेला कारकून यांचे बरे चालले होते. वरिष्ठांस सलाम करावा, सभेत जाऊ नये, मुलास उर्दू शिकवावी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि त्याची पदवी हाती असली म्हणजे संस्थानात मुलाची सोय लागे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे त्या विद्यापीठाच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. दुर्दैव इतकेच, की प्रजेतील बहुसंख्यांची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड होती, उर्दू नव्हती. मातृभाषा घरात ठेवून बाहेर पडावयाचे, एवढीच काय ती अट. मनुष्य अशा अटीस फार लवकर सरावतो. खरा जुलूम माणसास कधीतरी चिडवितो तरी. आटोपशीर, पगारी, पेन्शनीचा जुलूम त्यास निजवितो. म्हणून सुस्थित लोकांस जागे होण्यास जे धैर्य लागते ते पोळलेल्या माणसाच्या धैर्याहून निराळ्या जातीचे असते. त्यास आधी स्वतःच्या सुखाशीच भांडावे लागते.

स्टेट काँग्रेसवरील बंदी मोडण्यासाठी २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली. स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हे याच लढ्यातून पुढे आले. ते संन्यासी होते. त्यांच्या मागे संसार नव्हता. आम्हांस मात्र त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, विचार करण्याजोगा वाटतो तो औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील मुलांचा प्रसंग. नोव्हेंबर १९३८ मध्ये वसतिगृहात प्रार्थना म्हणून 'वंदे मातरम्' गाण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्या गीतावर काही मुसलमान बांधवांचा आक्षेप होता, हे कारण पुढे करण्यात आले. मुलांचे म्हणणे एवढेच, की आम्ही आमच्या प्रार्थनागृहात आमची प्रार्थना म्हणतो, ती कोणावर लादीत नाही. संप झाला; थोड्याच दिवसांत त्याचे लोण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात पोहोचले; शेकडो विद्यार्थी काढून टाकण्यात आले.

वाचकांनी क्षणभर त्या मुलांच्या घरी जाऊन पाहावे. मराठवाड्यातील एखादे खेडे. बापाने एक शेत गहाण टाकून मुलास औरंगाबादेस ठेवलेले. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला तो पहिलाच. त्यास अधिकारी सांगतात, एका कागदावर सही कर, माफी माग, आणि वर्गात जाऊन बस. सही न करण्यात त्याचे काय जाणार होते? पदवी, नोकरी, गहाण पडलेले शेत सोडविण्याची आशा, बहिणीचे लग्न. आणि सही करण्यात? काहीच नाही, एक गाणे म्हणावयाचे नाही इतकेच. सोयीच्या तराजूत हा हिशेब एका क्षणात मिटतो. पुष्कळ मुलांनी तो त्या तराजूत घातला नाही. त्यांच्या या हट्टास दिशा देणाऱ्या तरुणांत गोविंदभाई श्रॉफ होते. त्यांनी सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून दिली होती.

पुढची हकीकत तितकीच बोधप्रद आहे. काढून टाकलेल्या मुलांस अन्यत्र प्रवेश मिळणे कठीण झाले, तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी आपल्या विद्यापीठाचे दार उघडले. त्या दारातून आत गेलेल्यांत उस्मानियातील एक तेलुगू विद्यार्थी होता. १९९१ साली तो भारताचा पंतप्रधान झाला. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. धैर्याचे गोडवे गाताना केदारांसारख्यांस विसरण्याची आपणांस खोड आहे. ते निजामाच्या मुलखात राहत नव्हते, त्यांस कोणी वसतिगृहातून हाकलीत नव्हते. त्यांनी केली ती मुलांची सोयच. पण ही सोय मागाहून आली, हे लक्षात घ्यावे. संपाच्या दिवशी नागपूरचे दार उघडेल याची हमी कोणाच्याही खिशात नव्हती. आधी सोय आणि मग पाऊल, असा क्रम असता तर पाऊल पडलेच नसते. आणि पाऊल पडल्यावरही कोणीच दार उघडले नसते, तर पुढच्या वर्षी दुसरे पाऊल टाकणारा फार थोड्यांस मिळाला असता.

तथापि या कथेतील एक अवघड गाठ आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. शेत बापाचे होते. सही नाकारली मुलाने आणि कर्जाचे व्याज भरले बापाने. तुरुंगात गेला नवरा आणि चूल पेटती ठेवली बायकोने, तीही शेजारणींची सहानुभूती आणि नातलगांचे टोमणे सारख्याच मुद्रेने ऐकत. धैर्यवान मनुष्य स्वतःची सोय पणास लावतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा घरच्यांचीही लावतो, आणि त्यांस विचारतोच असे नाही. यावर सोपे उत्तर नाही. इतकेच म्हणता येईल, की ज्यांच्या घरी या गोष्टी बोलून झाल्या होत्या, ज्या बायकांनी निरोपाचे कुंकू लावताना पुढील दिवसांचा हिशेबही केला होता, त्यांचे धैर्य त्या घरातील पुरुषाच्या धैर्याची सावली नव्हते, ते स्वतंत्र होते. सत्कार मात्र बहुधा एकाचाच झाला.

आता न्यायमूर्ती रानड्यांचे स्मरण करून कोणी आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रायश्चित्तही त्यांनी पुढे १८९२ मध्ये घेतले. दोन्ही वेळी त्यांनी घरची आणि समाजाची सोय पाहिली. आणि तरीही महाराष्ट्राच्या जीवनात त्यांनी घडवून आणलेले परिवर्तन त्यांच्यावर कडाडून टीका करणाऱ्या शंभर वीरांपेक्षा मोठे आहे. मग धैर्याची महती ती काय राहिली? आमचे उत्तर असे की रानड्यांच्या मोठेपणाचा उगम शोधावयाचा तर तो या दोन प्रसंगांत सापडणार नाही, या प्रसंगांनंतर त्यांनी जे केले त्यात सापडेल. दोन्ही बाजूंचे शिव्याशाप ऐकून घेत त्यांनी काम सोडले नाही, आणि ज्या अल्पवयीन मुलीशी लग्न करणे त्यांस भाग पडले तिला, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून, त्यांनी शिकविले. पुढे पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहणाऱ्या रमाबाई त्या याच. तरीसुद्धा विधवाविवाहाच्या प्रश्नाची कोंडी फुटली ती १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरूडच्या मंडळींचा बहिष्कार सोसला अशा प्रसंगांनी. गोदूबाईंनी सोसले ते कर्व्यांहून कमी नव्हते, हे ओघाने आलेच. रानड्यांनी रस्त्याची आखणी केली. त्या रस्त्यावरून अनवाणी चालावयास कर्वे दंपतीच लागले.

पण धैर्य म्हटले की ते चांगलेच, हेही मान्य करता येत नाही. १९४७–४८ मध्ये हैदराबाद संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या अनुयायांत जिवावर उदार झालेले लोक नव्हते, असे कोण म्हणेल? मरावयास सिद्ध असणे एवढ्यालाच धैर्य म्हणावयाचे असेल तर त्यांसही ती पदवी द्यावी लागेल. भेद कोठे आहे? आमच्या मते तो येथे आहे: पणास काय लावले आणि कोणाचे लावले. वसतिगृहातील मुलाने आपली पदवी पणास लावली; रझाकाराने शेजाऱ्याचे घर पणास लावले. आणि हा भेद धर्माचा नव्हता, याची साक्ष देणारा मनुष्य त्याच शहरात होता. शोएबुल्ला खान हे हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. राज्यकर्त्यांचा धर्म तोच त्यांचा, दरबाराची भाषा तीच त्यांच्या पत्राची. गप्प राहिले असते तरी सुखाने राहिले असते. अनुकूल लिहिले असते तर सन्मान मिळाला असता. त्यांनी रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे म्हणून लिहिले. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांचा खून करण्यात आला. ज्या हाताने ते लिहीत तो हातही मारेकऱ्यांनी तोडला. मुक्तिसंग्रामातील धैर्याचा एकच नमुना निवडावयास सांगितला तर आम्ही हा निवडू. त्यांच्यापाशी सोय चालून आली होती आणि त्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली.

त्यानंतर चार आठवडेही झाले नाहीत तोच १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. एका दिवसात सर्व मोल उलटेपालटे झाले. जो ध्वज काल घरात सापडला असता तर घर गेले असते, तो आज न लावणाराच संशयित ठरू लागला. जे गीत म्हटल्याबद्दल १९३८ साली पदवी गेली, ते म्हणणे हीच आता सोय झाली. कृती तीच, शब्द तेच, आणि तरी त्यातले धैर्य रात्रीतून निघून गेले होते. मग ते गेले कोठे? ते सरकून दुसऱ्या जागी जाऊन बसले होते, आणि त्या जागी जावयास फार थोडे लोक तयार होते. त्या दिवसांत संस्थानच्या कित्येक भागांत, विशेषतः उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत, सामान्य मुसलमानांवर भयंकर सूड उगविण्यात आला. त्याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांस पाठविण्यात आले. मृतांची संख्या अगदी सावधपणे धरली तरी २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाज त्यांच्या अहवालात आहे. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध करण्यात आला नाही. प्रसिद्ध करणे सोयीचे नव्हते. त्याच अहवालात अशीही नोंद आहे की काही ठिकाणी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांस वाचविले, आणि हा बंधुभाव एका धंद्यातील माणसांत, उदाहरणार्थ विणकरांत, अधिक दिसून आला. त्या विणकरांपैकी कोणास स्वातंत्र्यसैनिकाचे ताम्रपत्र मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु २० सप्टेंबरच्या सुमारास आपल्या दारात जमावापुढे उभा राहिलेला विणकर आणि दहा वर्षांपूर्वी माफीच्या कागदापुढे बसलेला विद्यार्थी हे आम्हांस सख्खे भाऊ वाटतात.

धैर्याचे हे सरकणे ज्यांच्या ध्यानात येत नाही ते एकदा दाखविलेल्या धैर्याच्या व्याजावर जन्मभर राहू पाहतात. याचे उदाहरण द्यावयाचे तर मन कचरते, कारण ज्यांच्याविषयी बोलावयाचे ती माणसे खरोखर वंदनीय होती. मराठवाड्यास आपले विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, आणि मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून दलितांच्या वस्त्या पेटविण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. ज्या आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभे करून या मागास भागात उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली, त्यांच्या नावास विरोध करणाऱ्यांत १९३८ च्या पिढीतील काही आदरणीय मंडळी होती. जाळपोळ त्यांनी केली नाही, ती त्यांस मान्यही नव्हती. 'मराठवाडा' या नावासाठी आपण झगडलो, ते पुसले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यातील व्यथा आम्ही समजू शकतो. पण १९३८ साली 'मराठवाडा' म्हणण्यात जे धैर्य होते ते १९७८ साली तेथे उरले नव्हते. ते तोपर्यंत गावकुसाबाहेर राहावयास गेले होते. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे दोन्ही नावे एकत्र ठेवणारे नाव ठरले. सोळा वर्षांनी, इतक्या राखेनंतर, जी तडजोड साऱ्यांच्या गळी उतरली ती पहिल्या महिन्यात कोणास सुचली नसेल असे नाही. ती त्या वेळी बोलून दाखविणे आपल्याच माणसांत अप्रिय होणे होते, आणि परक्याच्या तुरुंगापेक्षा आपल्या माणसांची नाराजी सोसणे पुष्कळांस जड जाते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन पाळला जातो. कन्नडलाही त्या दिवशी सकाळी ध्वज चढतो, शाळेतील मुले ओळीने उभी राहतात, गीत म्हणतात. त्याबद्दल कोणाचे नाव पटावरून कमी होत नाही, आणि होऊ नये म्हणूनच तर सारे सोसले गेले. भाषणे होतात, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, मुले ऊन वाढण्यापूर्वी घरोघर परततात. घाटाखाली आणि घाटावर आता एकच कायदा आहे. त्या मैदानावर मुलांच्या मागे पालकही उभे असतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मुलीने आदल्याच रात्री जातीबाहेरच्या मुलाचे नाव घरात सांगितलेले असेल, आणि धाकटीचे लग्न होऊ दे, मग पाहू, असे उत्तर तिला मिळालेले असेल.